मंगळवासी सड्यावर उतरले तर बिघडले कुठे?

आमच्या भागातल्या एका हौशी नाट्यमंडळाने एच. जी. वेल्सच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ या कादंबरीवरून दशावताराच्या अंगाने जाणारे नाटक बसवायला घेतले आहे. मंगळावरचे यान लंडनजवळ न पडता देवगडच्या मागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, पडते, एवढी बातमी फुटल्याबरोबर गावात आणि गावाच्या मुंबईकर मंडळींत वाद पेटला. एक बाजू म्हणते, गोष्ट साहेबाची आहे, आपली नाही. दशावतारात राक्षस यायचा तर पुराणातूनच यावा. वाचणारी मंडळी म्हणतात, करायचेच तर मुळाबरहुकूम करा, एकोणिसाव्या शतकातले इंग्लंड उभे करा, उगाच मोडतोड नको. तिसरा आवाज खर्चाचा: असली कामे हॉलिवूडने करावीत, आपल्या पडद्या-बाकड्यावर ती हास्यास्पद होतात. तिन्ही बाजूंचा आवाज चढलेला आहे आणि तिघांनीही वाद भलत्याच टोकाला धरला आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. मंगळवासी सड्यावर उतरलेच पाहिजेत. मात्र तेवढ्याने भागत नाही. उतरल्यावर ते प्रेक्षकाला कोणाच्या जागी उभे करतात, यावर ते नाटक तरेल किंवा बुडेल, आणि त्याबद्दल अजून कोणी अवाक्षर काढलेले नाही.

मुळाबरहुकूमवाल्यांपासून सुरुवात करू, कारण त्यांनी निदान पुस्तक उघडले आहे. वेल्स त्या सुमारास लंडनच्या नैर्ऋत्येला वोकिंग गावात राहत होता. सायकल घेऊन तो आसपासच्या वाटा फिरायचा आणि मंगळवासींनी कोणती जागा उद्ध्वस्त करायची, कोणता शेजारी मारायचा याच्या खुणा मनाशी करायचा, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. पहिले यान पडते ते हॉर्सेल कॉमनवर, म्हणजे त्याच्या घरापासून चालत जाण्याजोग्या गावकीच्या माळावर. एप्रिल ते डिसेंबर १८९७ या काळात ही गोष्ट ‘पिअर्सन्स मॅगझिन’मध्ये क्रमशः आली, १८९८ साली पुस्तक झाले. तेव्हाच्या वाचकाला त्यातली स्टेशने, पूल, खानावळी ठाऊक होत्या. कामावर जाताना जी गाडी पकडायची ती गाडी जळताना तो वाचत होता. आता हीच स्टेशने जशीच्या तशी कुडाळच्या किंवा राजापूरच्या प्रेक्षकापुढे ठेवली, तर मुळाशी इमान राखले असे म्हणायचे का? वेल्सने आपले घर जाळले. त्याची नक्कल करायची तर आपल्याला आपले घर जाळावे लागेल. त्याचे जाळून कसे चालेल?

हे पक्के ओळखले ते अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांनी. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रविवारी रात्री सीबीएसवरून ऑर्सन वेल्सच्या ‘मर्क्युरी थिएटर’ने हीच कादंबरी सादर केली. हा दुसरा वेल्स, वय तेवीस. संहिता लिहिणाऱ्या हॉवर्ड कॉख यांनी पुढे सांगितले की न्यू जर्सीचा रस्त्यांचा नकाशा पसरून, डोळे मिटून पेन्सिल टेकवली, ती ग्रोव्हर्स मिल नावाच्या वाडीवजा गावावर पडली. यान तिथे उतरले. कथानक सांगायची पद्धतही बदलली: हवामानाचा अंदाज, हॉटेलातले नृत्यसंगीत, मध्येच बातमी, पुन्हा संगीत, पुन्हा बातमी. महिनाभरापूर्वीच म्युनिकच्या पेचप्रसंगात अमेरिकन श्रोत्याला कार्यक्रम तोडून येणाऱ्या बातम्यांची सवय झालेली होती. सगळा देश रस्त्यावर धावत सुटला ही आख्यायिका मात्र बरीचशी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी फुगवलेली आहे, असे आता अभ्यासक म्हणतात. रेडिओ जाहिराती पळवत होता, त्याला बेजबाबदार ठरवण्यात वर्तमानपत्रांचा फायदा होता. पण घाबरलेले लोक होते, हे कोणी नाकारत नाही. पुढे फेब्रुवारी १९४९ मध्ये इक्वाडोरची राजधानी किटो इथल्या रेडिओने हाच खेळ स्पॅनिशमध्ये केला. ठिकाणे तिथलीच, अधिकाऱ्यांचे आवाजही तिथल्यासारखे. हे नाटक आहे असे कळल्यावर भ्यालेला जमाव चिडला आणि केंद्र ज्या वर्तमानपत्राच्या इमारतीत होते ती इमारत त्याने पेटवून दिली. त्यात माणसे मेली.

यात खर्चवाल्यांचे उत्तरही येऊन जाते. या गोष्टीचा जगभर गाजलेला प्रयोग ज्या माध्यमात झाला त्यात दाखवण्यासारखे काहीच नव्हते. आणि कोकणातल्या माणसाने तरी हा आक्षेप घेऊ नये. पायपेटी, मृदंग, झांज आणि एक बाकडे एवढ्यावर आपल्याकडे देव-दानवांची युद्धे रात्र-रात्र चालली आहेत. बाकड्यावर बसला की तो कैलास आणि बाकड्यावरून उतरला की अरण्य, हे प्रेक्षकाला कोणी समजावून द्यावे लागत नाही. हल्ली ‘ट्रिकसीनयुक्त’ असे फलकावर ठळक छापले जाते, धूर निघतो, मुंडके उडते. ती हौस मला नावडत नाही. पण ट्रिकसीन आले म्हणून दशावतार जगला असे कोणी म्हणेल का? तो जगला तो लिहून न घेतलेल्या, त्या-त्या रात्री, त्या-त्या गावाकडे बघून रचलेल्या संवादांवर.

आता मुळाबरहुकूमवाल्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा, जो त्यांनी स्वतः अजून नीट मांडलेला नाही. खुद्द वेल्सलाच असली हलवाहलव नको होती. १८९८ च्या आरंभी बोस्टनच्या एका दैनिकाने ही गोष्ट परस्पर बोस्टनच्या परिसरात नेऊन छापली, तेव्हा त्याने निषेध केला होता. शिवाय ठिकाण हलवले की गोष्टीचा प्राणच जातो, याला पुरावा आहे. १९५३ च्या हॉलिवूडपटात मंगळवासी कॅलिफोर्नियात उतरले. अणुबॉम्ब टाकला, तो फुकट गेला, माणसे चर्चमध्ये गोळा झाली आणि शत्रू मेला. पडद्यावर चमत्कार भरपूर होते, पण कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणातला तो परिच्छेद नाहीसा झाला, ज्यात वेल्स आपल्या इंग्रज वाचकाला सांगतो की मंगळवासींना क्रूर म्हणण्याआधी आपण काय केले ते आठवा. बायसन आणि डोडो आठवा, आणि टास्मानियाची माणसे आठवा, ज्यांना युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी पन्नास वर्षांत संपवले. (त्या टास्मानियनांचे वंशज आजही आहेत, ते सर्व संपले हा त्या काळचा समज होता. पण वेल्सच्या मुद्द्याला त्याने बाधा येत नाही.) नकाशा बदलला आणि आरोप गळून पडला. हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे.

मग जुने इंग्लंड जसेच्या तसे ठेवले की आरोप टिकतो का? जेफ वेन याने १९७८ मध्ये या कादंबरीचा संगीतमय अल्बम केला. काळ तोच, जागा तीच, रिचर्ड बर्टनच्या आवाजात निवेदन. अप्रतिम काम आहे, मी अजूनही ऐकतो. पण ते ऐकून कोणी अस्वस्थ झाल्याचे मला माहीत नाही. २०१९ मध्ये बीबीसीने तीन भागांची मालिका केली, तीही वोकिंगच्या परिसरात, जुन्या पोशाखांसकट. बघताना मन पोशाखांवरच जाते. आपल्या पणजोबांवर ठेवलेला आरोप ऐकायला फारसे धैर्य लागत नाही. याउलट २००५ च्या चित्रपटात गोष्ट न्यू जर्सीच्या गोदीतल्या क्रेनवाल्याच्या घरात आली. अंगावर राख घेऊन घरी परतलेला माणूस, भिंतींवर हरवलेल्यांचे कागद. ११ सप्टेंबर २००१ ज्याने पाहिला त्याला दुसरे काही सांगावे लागले नाही. तिथेही टास्मानिया नव्हता, आणि तो चित्रपटाचा उणेपणाच आहे. म्हणजे जागा बदलून भीती मिळते पण आरोप हरवू शकतो. जागा न बदलता आरोप छापील राहतो पण बोचत नाही. दोन्ही हवे असेल तर नकाशाबरोबर आरोपही नव्या गावाला लावून घ्यावा लागतो. इतक्या वर्षांत रूपांतर करणाऱ्यांनी हेच काम सर्वांत कमी केले आहे.

आपल्या बाबतीत ते अवघड का आहे, ते पाहण्यासारखे आहे. वेल्सच्या गोष्टीतला धक्का असा होता की जगावर राज्य करणारा माणूस एका सकाळी उठतो आणि तो रयत झालेला असतो. १८९७ सालच्या इंग्रज वाचकाला ही कल्पना नवीन होती. पण त्याच महिन्यांत इकडे काय चालले होते? रत्नागिरीत ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा कुटुंबकबिल्यासह नजरकैदेत दिवस काढत होता. त्याचे मंडाले १८८५ च्या नोव्हेंबरात सुमारे पंधरवड्याच्या मोहिमेत गेले होते आणि पुढच्या एप्रिलपासून आपला किनारा हाच त्याचा तुरुंग झाला होता. १९१६ मध्ये तो इथेच मेला. रत्नागिरीतच जन्मलेल्या टिळकांवर त्याच १८९७ मध्ये राजद्रोहाचा खटला झाला आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी लागली. समुद्रातून, आपल्याला न कळणारी यंत्रे घेऊन, न कळणारी भाषा बोलत कोणी येते आणि राज्य उलटवते, ही कोकणाच्या दृष्टीने विज्ञानकथा नव्हती. मग तीच गोष्ट आज आम्हाला सांगून नवे काय सांगणार? आम्ही भोगले एवढेच ना? ते ऐकायला आम्हाला आवडते. फार आवडते. तिथेच धोका आहे.

कारण भोगणाऱ्याच्या आसनावर प्रेक्षक एकदा आरामात बसला, की मंगळवासीच्या जागी कोणाला बसवायचे हे तो स्वतःच ठरवतो. आणि आजच्या कोकणात ते ठरवायला त्याला फार वेळ लागणार नाही. जमिनी घेणारा परप्रांतीय, रस्त्याकडेला गाडा लावणारा परप्रांतीय, बोटीवरचा परप्रांतीय. ‘आक्रमण’ हा शब्द आपल्या सभांमध्ये रोज वापरला जातो. मंडळाच्या संहितेत मंगळवासी तोडकी-मोडकी हिंदी बोलणार आहेत असे कानावर आले. खरे असेल तर प्रयोग हाऊसफुल्ल जाईल आणि वेल्सचा खून होईल. त्याचे मंगळवासी पोटासाठी स्थलांतर करून आलेले मजूर नव्हते. ते यंत्रे आणि उष्णकिरण घेऊन आलेले मालक होते. ज्याच्यापाशी सामर्थ्य नाही त्याला आक्रमक ठरवणारी गोष्ट ही वेल्सच्या बरोबर उलट दिशेने चालते.

यावर कोणी म्हणेल, सामर्थ्यवान आक्रमक आज नाहीत का? आहेत. रात्री मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहून क्षितिजाकडे पाहावे. प्रखर दिवे लावून मासळी ओढून घेणाऱ्या बोटींवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी एलईडीची झगमग संपलेली नाही. किनाऱ्यावरून जाळे ओढणारा रापणकर ओढून ओढून दमतो आणि तिकडे एका रात्रीत समुद्र उपसला जातो. मंगळावरच्या यंत्रांना याहून चांगली नेपथ्यरचना मिळणार नाही. मंडळाने ती जरूर वापरावी. पण मग पुढचा प्रश्न टाळू नये: त्या बोटींत पैसा सगळा बाहेरचाच आहे का? पर्ससीनच्या, म्हणजे मासळीचा अख्खा थवा वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या, आणि एलईडीच्या भांडणात आपल्याच बंदरातली, आपल्याच आडनावांची माणसे दोन्ही बाजूंना नाहीत का?

परग्रहवासी आले की सारी माणसे एक होतात, हे अलीकडच्या चित्रपटांनी पसरवलेले सर्वांत गोड खोटे आहे. वेल्सच्या कादंबरीत असे काही घडत नाही. तिथला तोफखान्याचा सैनिक उलट सांगतो की मंगळवासी काही माणसांना पाळतील, खेळ शिकवतील आणि त्यांतल्याच काहींना उरलेल्या माणसांची शिकार करायला तयार करतील. विजयदुर्गच्या माणसाला यात आश्चर्य वाटू नये. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हचे सैन्य त्या खाडीत शिरले, तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि हे इंग्रज आपणहून वाट चुकून आले नव्हते. पेशव्यांशी त्यांचा करार होता. तुळाजीशी वैर म्हणून पुण्याने मुंबईच्या इंग्रजांचा हात धरला. इंग्रजांना बदल्यात बाणकोट मिळाले. त्याच क्लाइव्हने पुढच्या वर्षी प्लासी मारली. नानासाहेब पेशव्यांना दोष देणे आज सोपे आहे, तुळाजीही साधुपुरुष नव्हता आणि त्याच्या गलबतांनी मराठ्यांची जहाजेही सोडलेली नव्हती. पण आक्रमणाची गोष्ट कोकणात सांगायची आणि त्यात दार आतून उघडणारा हात दाखवायचा नाही, तर मग कोकणात कशाला सांगायची? त्यापेक्षा लंडन बरे.

मग आरोप कोणावर ठेवायचा? माझे उत्तर काहींना झोंबेल. हापूसच्या हंगामात देवगड-रत्नागिरीच्या बागांमधून फिरावे. राखणीला, फवारणीला, आंबा उतरवायला नेपाळी माणसे असतात. बोटींवर खलाशी म्हणूनही तीच असतात. घरापासून इतक्या लांब, बागेतल्या पत्र्याच्या खोपीत, बायकापोरांसकट. त्यांना आपण ‘गुरखा’ म्हणतो. दहा-दहा वर्षे एकाच बागेत येणाऱ्या माणसाचे नाव किती बागायतदारांना धड सांगता येईल? आमच्या डोंगरावरच्या धनगरवाड्यांना आणि कातकऱ्यांच्या झोपड्यांना रस्ता पोहोचायला किती वर्षे लागली, हेही विचारावे. हा वोकिंगच्या वाचकाला विचारलेला टास्मानियाचा प्रश्न नव्हे, त्या हत्येची आणि या दुर्लक्षाची बरोबरी मी करत नाही. पण दिशा तीच आहे. नाटकात सड्यावर यान पडावे, बागायतदाराला त्याच्याच बागेत पत्र्याखाली राहून दुसऱ्याचा आंबा राखावा लागावा, त्याचे नाव कोणी विचारू नये, आणि त्याला खोपीत जागा करून देणारा तो नेपाळी असावा. एवढे केले तर वेल्सची एक ओळ न उचलताही नाटक वेल्सचे होईल.

‘आपली गोष्ट नाही’ म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मी हलका समजत नाही. दशावतार हा नुसता करमणुकीचा प्रकार नव्हे. तो ग्रामदेवतेच्या जत्रेत, देवळाच्या अंगणात होतो, गणपतीचे स्तवन झाल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि त्यातल्या चांगल्या-वाइटाला श्रद्धेचा आधार आहे. उद्या कोणीही उठून काहीही त्या चौकटीत कोंबू लागला तर चौकट खिळखिळी होईल, ही भीती खोटी नाही. जत्रेच्या रात्री हे नाटक करू नये, असे मीही म्हणेन. दुसरे व्यासपीठ घ्यावे. पण परका राक्षस आपल्या रंगभूमीला चालत नाही, हे कसे मान्य करावे? आख्यान लागण्याआधी येतो तो संकासुर कोण आहे? समुद्रातून आलेला, वेद पळवणारा, ब्रह्मदेवाला हैराण करणारा, काळ्या वेषातला शत्रू. आणि तो बोलतो काय? मालवणी. देव छापील मराठी बोलतात, आणि ज्ञान चोरून नेणारा हा परका जत्रेतल्या माणसाच्या घरची भाषा बोलतो, त्याची टर उडवतो, गावातली अंडीपिल्ली बाहेर काढतो. शेवटी विष्णू त्याला मारतो, पण तोवर हशा त्याने घेतलेला असतो. आक्रमकाच्या तोंडी प्रेक्षकाची बोली घालून प्रेक्षकालाच त्याचे तोंड दाखवायचे, ही युक्ती वेल्सला जमली नाही. त्याचे मंगळवासी नुसते घुमतात. आपल्याकडे ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. मंगळवासींना हिंदी बोलायला लावणाऱ्या मंडळाने आपल्याच घरातला हा माणूस आधी विचारात घ्यायला हवा होता.

बाकी परग्रहवासींचे वावडे आपल्याला वाटते तितके नाही. सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, आणि तेव्हापासून कशेळीचा हत्ती किंवा बारसूचा दोन वाघांमधला माणूस दाखवून ‘हे परग्रहवासीयांनी केले’ असे सांगणारे व्हिडिओ गावागावांतून फिरतात. दशावतारात मंगळ नको म्हणणारेच ते पुढे पाठवतात. हे मला खरे आक्रमण वाटते. ज्या माणसांनी जांभ्या दगडात ते चर खोदले त्यांच्या हातून त्यांचे श्रेय काढून आकाशात कोणाच्या तरी नावावर करायचे, आणि वर त्याचा अभिमान बाळगायचा.

राहता राहिला शेवट. कादंबरीत मंगळवासी रोगजंतूंनी मरतात. माणसाच्या तोफा हरतात आणि मातीतले क्षुद्र जीव जिंकतात. रूपांतर करणाऱ्या बहुतेकांनी हा शेवट तसाच ठेवला आहे, आणि कोकणात तो तसाच ठेवता येईल असे मला वाटत नाही. ज्या वर्षी इंग्लंडात वाचक जंतूंना तारणहार म्हणून भेटत होते, त्या वर्षी मुंबईत प्लेग होता आणि गिरणीत राबणारे रत्नागिरीचे चाकरमानी जीव घेऊन गावाकडे पळत होते. जंतू इथे रयतेच्या बाजूने लढला नाही. उलट तपासणीच्या नावाखाली घरात घुसणारा सरकारी शिपाई त्याच्या पाठोपाठ आला, आणि २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच जानेवारीत भायखळ्याला हाफकिन नावाच्या परदेशी माणसाने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून पाहिली होती. बाहेरून आलेला एक दारे फोडतो, बाहेरूनच आलेला दुसरा स्वतःच्या दंडावर सुई घेतो, एकाच वर्षात, एकाच साथीत. एवढे साहित्य पदरात असताना मंडळाने तो आयता शेवट का घ्यावा? मंगळवासी मरायलाच हवेत असेही नाही. ते राहतील, आंबा खाऊ लागतील, ग्रामपंचायतीला उभे राहतील. आणि पहिल्यांदा त्यांना मत कोणी विकले यावर तिसरा अंक सहज निघेल.

प्रेक्षक हे सहन करणार नाही, वर्गणी बंद होईल, असे मंडळातल्या एका जाणत्या माणसाने मला ऐकवले. शक्य आहे. पण त्याच गावात देवळाच्या अंगणात संकासुर पहिल्या रांगेतल्या मानकऱ्याकडे बोट दाखवून त्याची बिंगे फोडतो, आणि मानकरी हसून त्याला बक्षीस देतो. मानकऱ्याला चालते ते बागायतदाराला का चालू नये, हे त्यांनी मला अजून सांगितलेले नाही.